धोंड्याजवळचं गवत

“मोती उठला बघ,” आप्पा म्हणाले.

मी मान वर केली. सासरे आणि मी पडवीत बसून लसूणघासाचं बी चाळत होतो. माझ्या वडिलांनी माहेरून पाठवलेलं बी. मोहरीहून बारीक, आणि त्यात मिसळलेलं अमरवेलीचं बी त्याहून बारीक. ते थोडं जरी राहिलं तरी पिवळी वेल पुढं सगळा घास गिळून टाकते, म्हणून आप्पा सकाळपासून चाळणी सोडायला तयार नव्हते. चिऊ माझ्या मांडीवर पालथी पडून पोत्याची सुतळी चोखत होती. नुकती रांगायला लागली होती ती.

मोती म्हणजे आमचा कुत्रा. पोस्टमनला फाटकाच्या आत पाय टाकू द्यायचा नाही असा. पण आता तो उठून रस्त्याकडं तोंड करून उभा होता, शेपूट हलवत. भुंकला नाही. मग मलाही ऐकू आली, घोड्याच्या गळ्यातली घंटी.

आप्पांनी चाळणी खाली ठेवली. एवढ्या सावकाश हालचाली करणारे आप्पा, पण पोत्याचं तोंड त्यांनी असं झटक्यात मुरगाळलं की थोडं बी पडवीभर सांडलं.

“हे आत ने. खाटेखाली सार. वर गोधडी टाक.”

“पण आप्पा, सांगावं तर लागेल ना त्यांना.”

“मेंढ्या बसू दे आधी. मग सांगू.”

मी चिऊला काखेत मारलं, पोतं ओढत आत नेलं आणि खाटेखाली सारलं. बाहेर आले तेव्हा आप्पा वाकून, तळहातानं, सांडलेलं बी गोळा करत होते.

घरामागं आमचं कुरण होतं. पवन्या आणि मारवेल गवताचं, बांधाकडून हरळी आत शिरलेलं जुनं रान. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या हयातीत त्याला नांगर लागला नव्हता. मेंढ्या घेऊन कोकणात गेलेली ठकूमावशीची माणसं दर वैशाखात माळशेज चढून वर यायची, पारनेरकडं आपल्या गावी निघालेली असायची, आणि वाटेत आमच्या कुरणात उतरायची. वाळलेलं गवत मेंढ्यांना, लेंडीखत आम्हांला. ना त्यांनी आम्हांला काही द्यायचं, ना आम्ही त्यांना. रात्री मेंढ्या जाळीच्या कुंपणात कोंडायच्या, त्या जाळीला ते वाघर म्हणतात. वाघर दरवर्षी एकाच जागी लागायची, विहिरीकडच्या कोपऱ्यात, काळ्या धोंड्याजवळ. बिऱ्हाड हललं की आप्पा तिथलं खत पाट्यांनी भरून कांद्याच्या रानात न्यायचे.

त्या वर्षी मात्र कुरण मोडायचं ठरलं होतं. आणि ते माझ्या तोंडून निघालं होतं.

कालव्याचं पाणी आलं, तशा ह्यांनी गोठ्यात जर्सी गाई बांधल्या. गाई आल्या, पण हिरवा चारा कुठं होता? मी लोकांच्या बांधावरचं गवत कापायला जायची. चिऊला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून त्यात टाकायची आणि दिसेल इतक्या अंतरावर विळा चालवायची. एक दिवस नजर चुकली. रडणं ऐकून धावले तर झोळीच्या दोरीवरून लाल मुंग्या ओळीनं उतरत होत्या आणि पोरीची मान सुजली होती. त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, “आपल्या कुरणात घास का नाही करत? माझ्या माहेरी आहे. एकदा पेरला की तीन वर्षं कापत राहायचं. घरामागंच. मला कुठं जायला नको.”

ह्यांचे डोळे चमकले. आप्पांचा भाकरीवरचा हात थांबला. ते म्हणाले, “करा.” एवढंच.

“आरं मोत्या, मेला न्हाईस व्हय अजून?” ठकूमावशी फाटकातून आत आली ती कुत्र्याशीच बोलत. हातात काठी, कासोटा मारलेलं लुगडं, उन्हानं रापलेल्या कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा. मोती तिच्या पायांत लोळायला लागला. “राम राम, आप्पा.”

“राम राम ठकूबाई. कसं होतं कोकण?”

“कोकणावानी. डासं अन् दलदल. पर तुमी म्हातारं झालात हो एका वर्सात. जेवायला घालती का न्हाई ही सून?”

“घालते की,” मी म्हणाले.

“तू गप. तुला न्हाई इचारलं.” आणि तिनं चिऊला माझ्या काखेतून अशी काढून घेतली की जणू मी तिच्याकडून उसनी आणली होती. उजेडात धरून तिचं तोंड न्याहाळलं. “आगं बाई. ही तर हौसाक्का. आप्पा, तुमची बायकू परत आली की! त्येच नाक. आता बसा बोलणी खात.”

आप्पा हसले, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

चिऊ अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरायची. ठकूमावशीच्या गळ्यातली चांदीची साखळी तिनं मुठीत धरली आणि गप्प राहिली. मावशीनं घोड्याजवळच्या पोराला हाक मारली. पोरगा कसला, चांगला मिशीवाला गडी, तिचा लक्षू. “आरं, ते वरचं गाठोडं दे.” गाठोड्यातून एक घोंगडी निघाली. लहानशी, बाळाच्या अंगाची. काळीभोर, कडेला पांढरी रेघ.

“गेल्या साली तू पोटुशी व्हतीस ना, तवाच लोकर बाजूला काढली. समदी कोकरांची पैली कातर हाय. टोचायची न्हाई. घे.”

मी ती हातात घेतली. कोमट होती, उन्हानं.

“मावशी, कशाला एवढं…”

“तुला कुठं देती? पोरीला देती.” मग ती लक्षूच्या मागं उभ्या असलेल्या बाईकडं हनुवटीनं दाखवत म्हणाली, “ही तानी. माझी सून. हिलाबी दिस गेल्यात. पुढल्या वैशाखात नातवाला घेऊन उतरंन हितं. बापाचं ठिकाण दावायचं त्येला.”

ते ठिकाण म्हणजे काळा धोंडा. लक्षू तिथं जन्मला होता. असाच वैशाख, वाटेत कळा आल्या, वाड्यातली, म्हणजे त्यांच्या तांड्यातली, माणसं मेंढ्यांमागं पुढं गेलेली. आत्याबाई विहिरीवर धुणं धूत होत्या. त्यांनी लुगड्याचा आडोसा केला, सुईणपण केलं, आणि वार तिथंच पुरून वर तो धोंडा लोटून ठेवला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच वर्षी दोघींनी मिळून मला ती गोष्ट सांगितली होती. एक सांगायची, दुसरी दुरुस्त करायची. पुढच्याच वर्षी आत्याबाई गेल्या.

मावशी बिऱ्हाड उतरवायला वळली तेव्हा आप्पांनी घसा खाकरला.

“ठकूबाई, औंदा एक करा. वाघर एका जागी नको. रोज पुढं सरकवा.”

“व्हय? कुठवर?”

“सगळं कुरण. कोपरा न् कोपरा बसू द्या.”

ठकूमावशीनं कनवटीची चंची सोडली, तंबाखू मळली, दाढेखाली धरली.  तिनं कुरणाकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

“बरं,” ती म्हणाली.

मला वाटलं, सुटलो.

दुपारी ताक घेऊन जायचा पायंडा आत्याबाईंचा. तो मी चालवत होते. पहिल्या दिवशी गेले तेव्हा मावशी एका कोकराचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होती. चिऊला मी घोंगडीवर बसवलं. ती रांगत थेट कोकराकडं गेली.

“चाटंल तुला,” मावशी म्हणाली. “चाटू दे. पुढल्या साली तुला एक पाट देती, कवळी मेंढी. तुजी तू राख.”

पुढल्या साली. मी तांब्याचं ताक पेल्यात ओतलं आणि पेला सांडला.

आणखी एका दुपारी मी ठरवूनच गेले. वाटेत शब्द जुळवले होते. मावशी, यंदा आम्ही कुरण मोडतोय. त्यात घास करतोय. तुम्ही पुढच्या वर्षासाठी दुसरीकडं बघा. एवढं तर बोलायचं होतं. वाघर तेव्हा मध्यावर आली होती. मागं जिथं जिथं बसून झालं, तिथलं गवत दाढी केल्यासारखं कापलेलं आणि लेंड्यांचा काळा थर सारखा पसरलेला. रात्री मेंढ्या एका बाजूला दाटल्या की मावशी उठून त्यांना हाकलून सगळीकडं पसरवायची, असं तानीनं मला सांगितलं. “आत्तीला ह्या साली काय झालंय कुणाला ठावं. झोपतच न्हाईत.”

“मावशी, एक सांगायचं होतं,” मी म्हणाले.

“सांग की.”

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. खरंच ठेवलं. काठी बाजूला केली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडं बघत बसली. मागं मेंढ्या रवंथ करत होत्या. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, घाई नव्हती.

“ताक आंबट तर नाही ना झालं?” मी म्हणाले.

ती जरा वेळ तशीच बघत राहिली.

“न्हाई. ग्वाड हाय.” आणि तिनं काठी उचलली.

संध्याकाळी मी ह्यांच्या मागं लागले. “अहो, तुम्ही सांगा ना त्यांना. माझ्याच्यानं होत नाही.”

“आप्पांनी सांगावं. त्यांचं आणि त्या बाईचं जुनं आहे.” हे धार काढत होते, मान वर न करता बोलले. “आणि सांगायचं काय एवढं? आपलं रान आहे. उद्या आपण त्यात घर बांधलं असतं तर?”

“मग खतासाठी मेंढ्या कशाला बसवून घेतो आपण? न सांगता?”

चरवीत पडणारी धार थांबली. “तूच म्हणालीस ना घास कर म्हणून?”

म्हणाले होते. मी आप्पांकडं गेले. ते पडवीत चाळणी घेऊन बसले होते, रिकामी. बी तर खाटेखाली होतं. तिच्या भोकांत अडकलेला एकेक दाणा काडीनं काढत होते.

“तू बाईमाणूस,” ते म्हणाले. “बाईचं बाईला बरं सांगता येतं. तुझी आत्याबाई असती तर…” आणि पुढं त्यांना बोलता येईना, कारण आत्याबाई असत्या तर सांगायची वेळच आली नसती.

मग शेवटची संध्याकाळ आली. लक्षू विहिरीवर घोड्याला पाणी पाजायला आला होता. मी हंडा भरत होते. तो बोलका होता, आईसारखाच.

“वहिनी, आमच्या आईला जरा समजवा तुमी. बेल्ह्याकडचा एक बागायतदार हाय. दोन सालं झाली मागं लागलाय. म्हणतो, माझी पडीक जिमीन हाय, इहीर हाय, दरसाल माझ्याकडं उतरा, दुसरीकडं जाऊ नका. मानूस चांगला हाय. जाताना त्येचं रान वाटंतच लागतं. आता परत इचारील, अन् ही बया परत न्हाई म्हणील.”

“का?”

“का म्हंजी? म्हणती, आमचं हौसाक्काच्या रानाशी ठरल्यालं हाय. दोन जागी शबूद देत न्हाईत. औंदा तो दुसऱ्या वाड्याला देऊन टाकील बघा जागा. मग पुढं ह्या रानाला काय झालं तर ऐन वैशाखात मेंढरं घिऊन जायाचं कुठं? कोकरं तवा पायाशी असत्यात.” तो हसला. “पर ह्या रानाला काय व्हतंय म्हणा.”

वर ओढलेली बादली काठाला आपटून सांडली तरी मी दोर धरून उभी होते.

म्हणजे सांगायचं तर उद्या सकाळी, ते निघायच्या आत. त्यानंतर सांगून उपयोग नव्हता.

उजाडायच्या आत उठून मी भाकरी भाजल्या. कांद्याची चटणी केली. फडक्यात बांधलं. आप्पा अंथरुणात नव्हते; डेअरीला दूध घालायला आज ते स्वतःच गेले होते, ह्यांची पाळी असताना. मी चिऊला घोंगडीत गुंडाळून निघाले. मोती आमच्यापुढं.

वाघर निघाली होती. मेंढ्या रस्त्याला लागल्या होत्या, लक्षू आणि तानी पुढं. मावशी एकटी मागं राहून घोड्यावरच्या ओझ्याची दोरी आवळत होती. ओझ्यावर टोपलीतून कोंबडीची मान बाहेर, आणि दोन कोकरांची तोंडं.

मी भाकरीचं फडकं पुढं केलं. तिनं घेतलं, ओझ्यात खोचलं. दोरीची गाठ मारायला लागली.

“मावशी,” मी म्हणाले, “बेल्ह्याच्या त्या माणसाला हो म्हणा.”

ती गाठ मारतच राहिली. “का गं?”

 चिऊ माझ्या खांद्यावरून घोड्याला हात लावायला धडपडत होती.

“त्येला निरोप कवाच गेलाय,” मावशी म्हणाली. “आमी आलो त्येच्या दुसऱ्याच दिशी. तिकडनं आमच्या भावकीचा वाडा चालला व्हता, त्येंच्याकडनं धाडला. लक्षूला ठावं न्हाई. त्येला सांगितलं असतं तर त्यो त्याच दिशी मेंढरं उठवून निघाला असता.”

मी चिऊचा हात मागं ओढला.

“गवताला कोण कोपरा न् कोपरा खत घालतं, पोरी?”

तिनं दोरी दाताखाली धरून दुसरी गाठ ओढली. “इतकी सालं वाघर एका जागी लागली. कधी कुणी म्हटलं न्हाई, हिकडं लाव का तिकडं लाव. तुजा सासरा बोलला तवाच कळलं, नांगर येनार. काय करनार हितं? कांदा?”

“घास,” मी म्हणाले. “मावशी, मीच म्हणाले होते. चिऊला झोळीत टाकून मला लांब…”

“थांब. बोलू नको आता.”

“पण मला तुम्हांला…”

“रोज ताक घिऊन यायचीस. तोंड उघडायचीस अन् मिटायचीस. म्या वाट बघितली. तुमच्या घरातलं एक तरी मानूस सांगंल म्हणून रोज वाट बघितली. आता निघताना बोललीस, तर मला म्हणावं लागंल की आसू दे, सूनबाई, काय न्हाई त्यात.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “आन् मला ते म्हणायचं न्हाई.”

मी चिऊच्या अंगावरची घोंगडी काढायला लागले. का ते मला आजही सांगता येणार नाही. तिची वस्तू ठेवून घेणं मला जमेना, एवढंच. तिनं माझा हात धरला. खरखरीत, गरम हात.

“ठिव ती. ती पोरीची हाय, तुजी न्हाई.”

“मग तुम्ही मेंढ्या बसवल्या कशाला, मावशी? कळलं होतं तर?”

“हौसाक्कासाठी. म्या हितं पडली व्हती तवा तिनं काय इचारलं न्हाई, कोन, कुठली. रान तिचं हाय. तिच्या रानाला खत घालून चालली.” तिनं चिऊच्या गालाला बोट लावलं आणि ते आपल्या कपाळाला लावलं. “चल मोत्या, माघारी जा आता.”

घंटी वाजत वाजत वळणापलीकडं गेली. मोती अर्ध्या रस्त्यापर्यंत गेला आणि तिथंच बसून राहिला.

मी वळले आणि मग मला ते दिसलं. सगळं कुरण बोडकं झालं होतं. खताचा थर असा सारखा की कुणी हातानं पसरावा. फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात, काळ्या धोंड्याभोवती, दोन खाटा मावतील एवढं गवत तसंच उभं होतं. पिवळं, गुडघ्याएवढं, एकाही मेंढीनं तोंड न लावलेलं. दरवर्षी वाघर जिथं लागायची, नेमकी तीच जागा तिनं या वर्षी सोडली होती.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. ह्यांना रोटर मारायचा होता, एका दिवसात माती भुसभुशीत. आप्पा म्हणाले, “हरळीच्या रानात रोटर? एका मुळीचे शंभर तुकडे होतील आणि शंभर ठिकाणी फुटतील. पलटी नांगर घाल. मुळ्या वर येऊ दे, उन्हात मरू दे.” आम्ही कुरणाबद्दल त्या दिवसांत एवढंच बोललो. मावशी काय म्हणाली ते मी दोघांनाही सांगितलं होतं. हे चरवी उचलून गोठ्यात गेले. आप्पांनी “बरं” म्हटलं, ठकूमावशीसारखंच, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

नांगर एकेक तास, एकेक चर धरत विहिरीकडं सरकला. जुनी माती पहिल्यांदाच उलटत होती. काळी, मुळ्यांनी विणलेली, मोठमोठी ढेकळं. ड्रायव्हरनं गाडी थांबवून ओरडून विचारलं, “हे ठेवायचं का काढायचं?”

“काढ,” हे म्हणाले. “हरळीचं बेट आहे ते. तेवढं ठेवलं तर सगळ्या घासात घुसेल.”

ह्यांचं चुकत नव्हतं. कुठल्याही शेतकऱ्यानं हेच सांगितलं असतं.

आप्पा बांधावरून उतरले. नांगरटीत पाय अडखळत होते त्यांचे. धोंड्यापाशी गेले, धोंड्यावर बसले, आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ट्रॅक्टर घरघरत उभा. हे दोन पावलं पुढं गेले. “आप्पा, अहो…”

आप्पा उठले नाहीत.  समोर नांगरलेल्या रानाकडं बघत बसले. उन्हात त्यांचं टक्कल चकाकत होतं. मी चिऊला काखेत घेऊन विहिरीच्या काठावर उभी होते आणि मला ठकूमावशीचा आवाज ऐकू आला, म्हातारं झालात हो एका वर्सात.

हे माझ्याकडं वळले. मी म्हणाले, “राहू द्या. हरळी मी काढत जाईन.”

ट्रॅक्टर वळसा घेऊन गेला.

ढेकळं उन्हात तापली. आम्ही हरळीच्या मुळ्या वेचून वेचून पाट्या भरल्या आणि बांधावर जाळल्या. पावसाळा सरल्यावर कुळवणी, मग वाफे, मग बी. घास उगवला तो असा की बघणाऱ्यानं थांबावं. हिरवागार, जांभळ्या फुलांचा, एवढं खत कुणाच्या रानाला होतं? चिऊ वाफ्याच्या कडेला घोंगडीवर बसायची आणि मी तिला बघत बघत कापायची. गाईंचं दूध वाढलं. मला हवं होतं ते सगळं झालं. घासात मधूनच बाभळीची रोपं उगवायची, मेंढ्यांनी खाल्लेल्या शेंगांची. उपटताना बोटांत काटे जायचे.

आणि धोंड्याकडून हरळी यायची. दर पावसाळ्यात, जमिनीखालून, पांढऱ्या दोरीसारखी, वाफ्यात शिरायची. मी खुरपं घेऊन बसायची आणि मूळ हाताला लागेल तिथवर काढत न्यायची. धोंड्याजवळ पोचले की थांबायची. 

ठकूमावशी पुढच्या वैशाखात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तरी वैशाख लागला की धोंड्याजवळच्या गवताला विळा लावायची नाही. आप्पा पडवीत रस्त्याकडं तोंड करून बसायचे. एका थंडीत आप्पा गेले. घासाची मुदत संपली, मोडला, परत पेरला. चिऊ शाळेत जायला लागली.

दुसऱ्या घासातला एक वैशाख. मी सकाळी चुलीपाशी होते. चिऊ दात घासत घासत मागं गेली होती, ती पळत आली, तोंडाला फेस.

“आई, आपलं गवत कुणीतरी खाल्लं!”

“कुठलं गवत?”

“धोंड्याचं.”

मी तशीच उठले. धोंड्याभोवतीचं गवत मुळापाशी कातरलेलं होतं, सारखं, लहान तोंडांनी. खाली लेंड्या, ओल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. कोकरांच्या. मोठ्या मेंढीची एकही नव्हती. कुणीतरी मेंढ्या रस्त्यावर सोडून फक्त कोकरं आत आणली होती, चार-सहा, अंधार असतानाच.

शेजारी घास गुडघ्याएवढा, दवानं जड झालेला उभा होता. त्याचं एक पान तुटलेलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. घास आणि धोंडा यांच्या मधल्या मातीत एका ओळीत भोकं होती, ताजी. खुंट्यांची. तेवढ्या वेळापुरती कुणीतरी वाघर लावली होती, आमच्या घासाच्या बाजूनं.

धोंड्यावर थोडं कुंकू वाहिलं होतं, आणि जवळ मातीत एका अनवाणी पावलाचा ठसा होता. लहान. चिऊच्या पावलाएवढाच.

“मोती भुंकला कसा नाही गं?” चिऊनं विचारलं.

मोती, आता म्हातारा, फाटकाशी बसला होता. रस्त्याकडं तोंड करून. शेपूट हलत होती.

मी रस्त्यापर्यंत धावत गेले. वळणापर्यंत गेले. धूळ बसलेली होती. घंटी ऐकू येत नव्हती. बहुतेक आमच्या घरावरून जाताना त्यांनी ती घोड्याच्या गळ्यातून काढून ठेवली असावी.

परत आले तेव्हा चुलीवरची भाकरी जळली होती. चिऊ पडवीत त्या काळ्या घोंगडीवर बसून केस विंचरून घ्यायची वाट बघत होती. मी तिच्या मागं बसले आणि फणी हातात घेतली.

“आई, कोण आलं होतं?”

“ज्यांचं गवत होतं ते,” मी म्हणाले.

“मग घरात का नाही आले?”

मी तिचा भांग पाडत राहिले. विरजण लावून ठेवलेलं मडकं समोर होतं. त्या दिवशी ताक करायचं होतं.